मुधोळचं पिल्लू ३५ दिवसांचं आणावं की थांबावं?

शहापूरकर

नमस्कार. मुधोळजवळच्या एका ब्रीडरकडे मुधोळ कुत्रीचं (मुधोळ हाउंड, लांब पायांची शिकारी जात) वेत आहे. ३ जून २०२५ ला व्यायली, सहा पिल्लं. त्यातली एक मादी ठरवून इसार दिलाय. ब्रीडर म्हणतोय ८ जुलैला या आणि घेऊन जा, पिल्लं ताटलीतलं खायला लागलीत, आई आता जवळ घेत नाही. घरच्यांचंही तेच चाललंय. लहान आणलं तरच लळा लागतो, मोठं झालं की ते जुन्या मालकाचंच राहतं म्हणे. शेजारी म्हणतात दीड महिना, एक जण म्हणतो तीन महिने थांब.

नेमकं किती दिवसांचं आणावं आणि ते यायला तयार झालंय हे बघून कसं ओळखायचं? लस तिथेच करून घ्यावी की बेळगावला आणल्यावर? घर शहापूरला, मागे थोडी मोकळी जागा. आधी कुत्रं पाळलेलं नाही. घरात आठ वर्षांची मुलगी आहे.

पशुवैद्य_चिकोडी

८ जुलैला ते बरोबर ३५ दिवसांचं होतं. आणू नका. ५६ दिवस भरतात २९ जुलैला, यंदा त्याच दिवशी नागपंचमी आहे, तारीख विसरायची नाही. त्याच्या आत नाही. ब्रीडरकडची व्यवस्था चांगली असेल तर आणखी आठवडाभर राहिलं तरी काही बिघडत नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. बोलताना हा मुद्दा हातात असू द्या, पण भांडणाच्या सुरात काढू नका. अजून तीन आठवडे पिल्लू त्याच्याच दारात राहणार आहे.

घाई का असते ते समजून घ्या. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लांचा सगळा खर्च आई उचलते. त्यानंतर सहा तोंडं दिवसाला चार वेळा खातात आणि त्याहून जास्त वेळा घाण करतात. शिवाय ३५ दिवसांचं पिल्लू दिसायला सर्वांत गोजिरवाणं असतं, गिऱ्हाईक नाही म्हणत नाही.

"आई जवळ घेत नाही" हे खरं असतं, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात येतात, ते सुईसारखे टोचतात. मग आई आडवी पडून पाजायचं सोडून उभ्यानं पाजते, दोन मिनिटांत निघून जाते, अंगावर आलं तर गुरगुरते. काही कुत्र्या स्वतः खाल्लेलं ओकून पिल्लांपुढे टाकतात. नवखा माणूस घाबरतो, पण तो आजार नाही, दूध तोडण्याची तिची पद्धत आहे. म्हणजे ३५ व्या दिवशी दूध तुटायला सुरुवात झालेली असते, तुटलेलं नसतं. अंगावरचं पूर्ण सुटायला सातवा-आठवा आठवडा उजाडतो.

एक अपवाद आहे. व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, पिल्लं जास्त असतील तर, आईच्या रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ती कापायला लागते, पाय ताठ होतात, धाप लागते, ताप चढतो. त्याच तासाला दवाखाना लागतो आणि पिल्लं अंगावरून काढावीच लागतात. पण अंगावरून काढणं वेगळं आणि घरातून काढणं वेगळं. तशा वेळीसुद्धा पिल्लं एकत्रच ठेवून वरचं खाणं देतात.

आता जंत. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात, आकडेकृमी दुधातून येतात. म्हणजे कितीही स्वच्छ जागा असली तरी जंत असणार असं धरून चालायचं. औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात. तुमच्या तारखा १७ जून, १ जुलै, १५ जुलै आणि २९ जुलै. शेवटची मात्रा प्रवासाच्या दिवशी नको, दोन दिवस आधी द्यायला सांगा. पायरँटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम, किंवा फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम सलग तीन दिवस. दोन्हीही वजन करूनच. सहा पिल्लांना अंदाजानं ड्रॉपर मारला की मोठ्याला कमी पडतं आणि बारक्याला जास्त होतं. आठव्या आठवड्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

लसीवर वेगळं लिहितो, कारण तिथेच लोक जास्त फसतात.

लोकापूर_कारवानी

डॉक्टरांनी दिवस मोजून दिले. पिल्लू तयार आहे का ते ताटलीपाशी कळतं, वयाच्या दाखल्यावर नाही.

वरचं खाणं सुरू करायची रीत अशी. साधारण २५ व्या दिवसापासून पपी फूड चौपट कोमट पाण्यात तास-दीड तास भिजवायचं, हातानं मोडून पेजेसारखं करायचं आणि पसरट ताटलीत बोटभर थराचं वाढायचं. खोल वाटी नको, पिल्लू नाकापर्यंत बुडतं. तोंड धरून पेजेत दाबायचं तर अजिबात नाही, फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. पाचव्या आठवड्यात पाणी निम्मं करायचं, सहाव्यात नुसतं ओलसर, सातव्यात कोरडे दाणे आणि शेजारी पाण्याचं भांडं. गाई-म्हशीचं दूध देत गेलं की पिल्लाची शी पातळ होते आणि मग लोक जंताला दोष देतात.

तुम्ही आधी एकदा जाऊन या आणि दुपारच्या खाण्याच्या वेळेला पोहोचा. आईला दुसरीकडे बांधायला सांगा. तुमची मादी कोरडं किंवा किंचित ओलसर खाणं स्वतः दातांनी फोडून खाते का, मधेच आईला शोधत फिरते का, खाल्ल्यावर पाणी चाटून पिते का, आणि पोट भरलं की बाजूला होऊन झोपते का, एवढं बघा. ताटलीवर पेज दिली की पडून खाणारं आणि दाणे दिले की चोखून टाकणारं पिल्लू अजून तयार नाही, मग ते साठ दिवसांचं का असेना.

वजनाची वही मागा. नसेल तर आजपासून ठेवायला सांगा. काही अवघड नाही, भाजीच्या कापडी पिशवीत पिल्लू बसवायचं, लटकत्या काट्याला अडकवायचं, आकडा लिहायचा, पिशवीचं वजन वजा. आठवड्यातून दोनदा, सकाळी खाण्याआधी. आकडा दर वेळी वर गेला पाहिजे. एकदा थांबला तर लक्ष ठेवायचं, दोनदा थांबला किंवा उतरला तर ते पिल्लू त्या आठवड्यात घर बदलणार नाही.

मग पिल्लू हातात घ्या. डोळ्यांत चिकट नको, नाकातून वाहणं नको, कानांना वास नको. हिरड्या गुलाबी. बोटानं दाबली की पांढरी पडते, दोन सेकंदांत रंग परत यावा. फिकट हिरड्या म्हणजे आकडेकृमी किंवा गोचीड, दोघंही रक्तच पितात. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की झटकन खाली बसली पाहिजे. बेंबीवर फुगा आहे का बघा. बोटानं आत जाणारा छोटा फुगा बहुतेक वेळा त्रास देत नाही, कडक असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरला दाखवून मगच. टाळूला चीर नाही ना, ते तोंड उघडून बघा, कारण चीर असेल तर दूध नाकातून येतं. नर घेणाऱ्यांनी दोन्ही वृषण खाली उतरलेत का ते चाचपावं. शेपटीखाली सुकलेली घाण चिकटलेली असेल तर जुलाब चालू आहेत, "आज सकाळीच झालं" हे उत्तर मान्य करू नका.

आता मुधोळचं म्हणून काही. वयात आलेल्या कुत्र्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात, तो त्याचा बांधा आहे. म्हणून इकडे पिल्लूही बारीकच ठेवायचं, भाकरी-दुधावर, अशी समजूत घट्ट बसलीय. पिल्लाच्या बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर वाढवलेलं मुधोळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुढच्या पायांनी वाकडं व्हायला लागतं, मनगटाचा सांधा सुजल्यासारखा दिसतो. मुडदूस. आणि फुगलेलं गोल पोट, वर बारीक कंबर, हे धष्टपुष्ट नव्हे, जंत आहेत.

वडगावचा_अण्णा

एवढं काय घाबरूलालाय ओ. आमच्याकडं सगळे ४०-४५ दिवसांत नेतात, कुत्री जगतातच की. आठ आठवडे कुठलं बसून राहायचं, तोपर्यंत चांगली पिल्लं दुसरेच उचलतात. लस इथं येऊन करा, चाललं.

खानापूर_पट्टा

अण्णा, जगतात हे खरं. पण सहा महिन्यांनी पाहुण्यांच्या हाताला लागणारी, पोरांच्या पायाला झोंबणारी आणि बादली पडली तरी कॉटखाली शिरणारी कुत्री बघायला मिळतात, त्यातली बरीच अशीच लवकर उचललेली असतात. सगळ्याचं कारण तेच असतं असं नाही. पण या तीन आठवड्यांत पिल्लू काय शिकतं ते बघा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून खेळतात. एकानं जोरात चावलं की दुसरं कुईं करून ओरडतं आणि खेळ बंद करतं. चावणारं दोन सेकंद गोंधळतं, मग परत येतं आणि या वेळी हलकं चावतं. दिवसातून पन्नास वेळा हे होतं. आईला दातानं ओढलं तर ती तोंडानं त्याचं तोंड दाबून गप्प करते, जखम करत नाही. चावा किती जोराचा चालतो हे त्याला यातून कळतं. माणसानं ते शिकवता येतं, पण हातावर ओरखडे घेत, महिनोन्‌महिने. शहापूरकर, तुमच्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे. तुमच्यासाठी तीन आठवडे थांबायचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

घाण करण्याचंही तसंच. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू झोपायच्या जागेपासून लांब जाऊन हगतं-मुततं. ब्रीडरनं झोपायचा कोपरा आणि घाणीचा कोपरा वेगळा ठेवला असेल तर आठव्या आठवड्यात तुम्हाला अर्धं काम झालेलं पिल्लू मिळतं. एकाच पिंजऱ्यात, त्याच गोणपाटावर सगळं चालत असेल तर ती जाण मरते आणि पुढे घरात शिकवताना नाकी नऊ येतात.

आता लळ्याचं. माणसांशी, आवाजांशी, नव्या गोष्टींशी ओळख करून घ्यायचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत चालतो. आठव्या आठवड्यात आणलं तरी तुमच्या हातात चार-सहा आठवडे उरतात. पुरतात. मुधोळ जातच अनोळखी माणसाशी अंतर राखणारी, गळेपडू नाही, त्यामुळे हे आठवडे वाया घालवू नका. पण मग जो कोणी तीन महिने थांब म्हणाला त्याचंही ऐकायचं नाही. शेडमध्ये फक्त एक गडी खायला टाकून जातो आणि बाकी माणूस दिसत नाही, असं पिल्लू बारा आठवडे तिथे राहिलं तर ते भित्रंच होऊन येतं. थांबायचं ते चांगल्या घरात. ब्रीडरच्या ओसरीत पोरं, कोंबड्या, मिक्सर, मोटारसायकल असेल तर उत्तम.

एक चाचणी करून बघा. पिल्लं खेळत असताना चार-पाच हातांवर स्टीलची ताटली खाली पडू द्या. दचकणं ठीक आहे, दचकलंच पाहिजे. काही सेकंदांत सावरून ताटली हुंगायला आलं तर छान. तिथेच बसून राहिलं पण थोड्या वेळानं खेळायला लागलं तरी चालेल. कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिलं आणि पाच मिनिटांनीही बाहेर आलं नाही तर पिल्लू बदला किंवा आणखी दोन आठवडे ब्रीडरला रोज हाताळायला सांगा. ही चाचणी एकदाच, पोरांना खेळ म्हणून करू देऊ नका.

पशुवैद्य_चिकोडी

आता लस. अण्णांच्या "इथं येऊन करा" ला उत्तर यातच येतं.

व्याल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकामधून आईची प्रतिकारद्रव्यं पिल्लात जातात. ती दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. जास्त असतात तेव्हा ती लसही मारून टाकतात, म्हणून तिसाव्या दिवशी टोचलेली नेहमीची लस बहुतेक वेळा पाण्यात जाते. ती उतरतात तेव्हा एक वेळ अशी येते की पार्व्होला (ओकाऱ्या आणि रक्ती जुलाब लावणारा विषाणू) अडवण्याइतकी उरलेली नसतात, पण लसीला हाणून पाडण्याइतकी असतात. ही खिंड कुठल्या पिल्लाला सहाव्या आठवड्यात येते, कुठल्याला बाराव्यात, बाहेरून कळत नाही. म्हणून एकच लस न देता तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं देत जायचं आणि शेवटची सोळा आठवडे भरल्यावर द्यायची.

तुमच्या पिल्लाच्या तारखा: १५ जुलैला सहा आठवडे, ब्रीडरकडेच पहिली, डिस्टेंपर (हाही विषाणूचाच आजार) आणि पार्व्होची, पपी डीपी नावाची. ५ ऑगस्टला तुमच्याकडे, लेप्टोसह (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) एकत्रित लस. २ सप्टेंबरला पुन्हा तीच आणि सोबत रेबीज, तेव्हा तेरा आठवडे झालेले असतील. २३ सप्टेंबरला सोळा आठवडे, शेवटची. तुमचे डॉक्टर यात थोडं पुढे-मागे करतील, करू द्या. बेळगाव-खानापूरच्या पावसात लेप्टोच्या दोन मात्रा चुकवू नका, उंदरांच्या मुताचं पाणी या दिवसांत सगळीकडे वाहतं.

३५ व्या दिवशी आणलं असतं तर एक लस नाही, आईचं कवच उतरत चाललेलं, दूध तुटल्याचा ताण, प्रवासाचा ताण, नव्या पाण्याचे जुलाब, हे सगळं एकाच आठवड्यात. पार्व्हो साधारण तीन ते सात दिवसांत उमटतो. आणल्यावर पाचव्या दिवशी पिल्लू ओकायला लागलं की मालक ब्रीडरला फोन करतो, ब्रीडर म्हणतो इथून ठणठणीत दिलं. दोघंही खरं बोलत असू शकतात.

लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का हवा. "लस दिली" असं पेनानं लिहिलेलं कार्ड म्हणजे कार्ड नव्हे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, दुकानातून विकत आणून दुपारभर खिशात फिरवलेली टोचली तर स्टिकर खरं आणि लस मेलेली.

शहापूरकर

सगळ्यांचे आभार. ब्रीडरला फोन केला. तो म्हणतो बाकी पाच पिल्लं १० तारखेपर्यंत जाणार, तुमचं एकटंच राहील, मग भावंडांकडून काय शिकणार? आणि तीन आठवड्यांचा खर्च कोण देणार? दोन्ही मुद्दे मला पटले, काय उत्तर द्यावं कळेना.

लोकापूर_कारवानी

खर्च तुम्ही द्या, सरळ. पिल्लू ४ किलोचं असेल तर दिवसाला साधारण १५० ग्रॅम कोरडं पपी फूड लागतं, तोपर्यंत त्याहून कमी. तीन आठवड्यांचे तीन किलो धरा. पिशवी तुम्हीच विकत घेऊन त्याच्याकडे पोहोचवा. दोन फायदे: पैशाचं बोलणं संपतं, आणि पिल्लू बेळगावला येतं तेव्हा त्याच खाण्यावर असतं. लस आणि जंताच्या औषधाचे पैसे वेगळे द्या, पण स्टिकरचा फोटो आला की मगच.

एकटं राहण्याचं म्हणाल तर आई आहे ना तिथे. पिल्लू दिवसातून काही वेळ तिच्यासोबत मोकळं राहिलं तरी बरंच निभावतं. शिवाय वेतातलं निदान एक पिल्लू ब्रीडर बहुधा स्वतःला ठेवतो, विचारा. आणि २०१७ चा नियम बाकी पाच जणांनाही लागू आहे, हे त्याला हळूच आठवण करून द्यायला हरकत नाही. घेणाऱ्यांपैकी एखाद्याचा नंबर मिळाला तर दोघं मिळून थांबा म्हणावं.

एवढं करूनही तो ऐकत नसेल, ८ तारखेलाच उचला म्हणून अडून बसला, तर इसार सोडून द्या. घाई करणारा माणूस जंताच्या तारखाही पाळणार नाही. मुधोळ तालुक्यात वेतांना तोटा नाही, तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे, तिथेही चौकशी करता येईल.

कॅम्प_पॉमवाली

मधेच विचारते. पॉमेरेनियनलाही हेच दिवस का? कॅम्पातल्या एका ब्रीडरकडे आहेत, सात आठवड्यांचं ने म्हणतो.

पशुवैद्य_चिकोडी

ताई, बारक्या जातींना दहा, शक्यतो बारा आठवडे. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा. प्रवासात किंवा नव्या घरी घाबरून चार-सहा तास खाल्लं नाही की रक्तातली साखर उतरते, पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, मान टाकतं, झटके येतात. घरात ग्लुकोज पावडर ठेवा. असं झालं तर घट्ट पाणी करून बोटानं हिरड्यांना चोळायचं, शुद्ध नसताना तोंडात ओतायचं नाही, आणि लगेच दवाखाना. त्यांना दिवसात पाच-सहा वेळा खायला लागतं. मुधोळला चार वेळा पुरतं, तीन महिन्यांनंतर तीन वेळा.

खानापूर_पट्टा

शहापूरकर, आणायच्या दिवसाचं आणि घराचं लिहून ठेवतो.

मुधोळहून लोकापूर-यरगट्टी मार्गे यायचं तर कारनंच या, दोघं जण. दुचाकीवर पिशवीत नको. निघण्याआधी तीन तास खाणं नाही, पाणी चालेल. पुठ्ठ्याचा खोका, आत वर्तमानपत्र, त्यावर आईच्या अंथरुणातला फडका. तो फडका ब्रीडरला तीन-चार दिवस आधीच पिल्लांखाली टाकून ठेवायला सांगा, धुऊन दिलेला काही कामाचा नाही. वाटेत हॉटेलपाशी किंवा रस्त्याकडेला पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही. एकच लस झालेली असते आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मुतायचं झालं तर वर्तमानपत्र बदला. सकाळी निघा म्हणजे दुपारी घर, संध्याकाळपर्यंत त्याला घर हुंगायला वेळ.

तुमच्या मागच्या मोकळ्या जागेत भटकी कुत्री येतात का? येत असतील तर पिल्लाला फरशीवरच ठेवा, सोळा आठवड्यांची लस होऊन आठवडा जाईपर्यंत. फिनाईलनं पार्व्हो मरत नाही. फरशी आधी साबणानं धुऊन मग साधारण ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीच) लिटरभर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं ओलं ठेवून पाण्यानं काढायचं. घाणीवरच ओतलं तर उपयोग नाही. मातीवर यातलं काहीच चालत नाही.

पण लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडूनही ठेवू नका, ओळखीचा काळ तेवढ्यातच संपतो. कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जा, बस, रिक्षा, छत्रीवाले, दाढीवाले, हेल्मेटवाले लांबून दाखवा. पाय जमिनीला लागले नाहीत म्हणजे झालं. आणि गणपती २७ ऑगस्टला बसतोय. शहापूर-वडगावचे ढोल आणि डॉल्बी काय असतात ते तुम्हाला सांगायला नको. मोबाईलवर ढोल-ताशा अगदी बारीक आवाजात, खाताना, पहिल्या आठवड्यापासून. कान टवकारून परत खायला लागलं तर दुसऱ्या दिवशी एक काडी वाढवा. खाणं सोडलं तर दोन काड्या कमी. मिरवणुकीच्या रात्री मधल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू.

पहिले तीन-चार दिवस रात्री कुंई-कुंई करणार. खोका तुमच्या कॉटजवळ ठेवा, हात खाली सोडला की वास लागतो. स्वयंपाकघरात एकटं कोंडून "सवय होईल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आठ ते दहा आठवड्यांत बसलेली भीती लवकर निघत नाही. रात्री एकदा दोनच्या सुमारास उठून मुतायला न्यावं लागेल.

मुलीला एवढंच सांगा: झोपलेलं आणि खाणारं पिल्लू उचलायचं नाही, आणि कॉटवरून उडी मारू द्यायची नाही. मुधोळचे पाय लांब आणि बारीक, वाढती हाडं कोवळी.

पशुवैद्य_चिकोडी

दोन जोडण्या. खाणं पहिला आठवडा अजिबात बदलू नका, घरच्यांना कुंदा भरवायचा मोह आवरा. नंतर बदलायचं असेल तर सात दिवसांत, रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त. पपी फूडवर असेल तर कॅल्शियमची बाटली वरून घालू नका, हाडं सुधारायच्या ऐवजी बिघडतात. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य.

आणल्यावर दोन दिवसांच्या आत दवाखान्यात दाखवा, वजनाची वही आणि पिल्लाच्या ताज्या शीचा नमुना डबीत घेऊन. अंगाचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा नेहमीचा. एकदा पातळ झालं, पण खेळतंय-खातंय, तर एक दिवस बघता येईल. ओकारी आणि जुलाब दोन्ही, किंवा जुलाबात रक्त, किंवा दोन वेळचं खाणं सोडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. गोचिडाची औषधं मोठ्या कुत्र्याची उरलेली वापरू नका, वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे लिहून घ्या.

शहापूरकर

ब्रीडर तयार झाला. २९ ला सकाळी पिल्लू ताब्यात, खाण्याची पिशवी मी रविवारी पोहोचवतो, त्याच वेळी ताटलीपाशी बसून बघतो. त्यानं एक भावंडही २५ जुलैपर्यंत ठेवायचं कबूल केलंय, दुसऱ्या घेणाऱ्याला उशीर चालणार आहे. १५ जुलैच्या लसीचं स्टिकर फोटो काढून पाठवणार. वजनाला त्याच्याकडे काटा नाही म्हणाला, म्हणून इथूनच लटकता काटा घेऊन चाललोय.

लोकापूर_कारवानी

काटा देण्याआधी घरी दोन किलो साखरेच्या पुड्यावर लावून बघा. शंभर-दीडशे ग्रॅमनं चुकणारे बाजारात बरेच असतात, आणि पिल्लाच्या वजनात आपल्याला नेमका तेवढाच फरक शोधायचाय.